कन्सील डायव्हर्टरचा वरचा पार्ट कोणता घ्यावा? बॉडी भिंतीत बसली, टाईल बाकी आहे

पूर्णाकाठचा

रामराम मंडळी. दर्यापूर तालुक्यात गावीच घर बांधून राह्यलो. बाथरूमचं पायपिंग झालं, प्लास्टर अन् टाईल पुढच्या आठवड्यात. प्लंबरनं भिंतीत डायव्हर्टरची (गरम-थंड पाणी मिसळून शॉवरले नाही तर नळाले सोडते तो) बॉडी बसवली, वरून प्लॅस्टिकचं झाकण लावलं अन् गेला दुसऱ्या साईटवर. मले वाटलं शॉवरचं काम आटोपलं. आता अमरावतीले दुकानात गेलो तर दुकानदार विचारते, बॉडी कोणती हाय, वरचा पार्ट त्याच्यावरच बसन. म्हणजे भिंतीत गेलं ते वेगळं अन् दिसते ते वेगळं, पैसे दोनदा! वरच्या पार्टमध्येही दहा प्रकार, गोल प्लेट, चौकोनी प्लेट, दांडीवाला, नॉबवाला, क्रोम, काळा मॅट, रोज गोल्ड. घरात काळ्या मॅटचा ठराव मंजूर आहे, बाबा तेवढे विरोधात, त्यांचं म्हणणं बादलीवर एक नळ पुरे.

यूट्यूबवर पाह्यलं तर अमेरिकेतले लोक प्रेशर बॅलन्स व्हॉल्व्ह, थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असं काय काय सांगतात, ते आपल्याले लागते का? आमचं पाणी बोअरचं, खारं. टाकी स्लॅबवर पाच फुटाच्या स्टँडवर. गरम पाणी सोलरचं. बॉडीचा डबा मिस्त्रीनं कुठं टाकला पत्ता नाही. घ्यायच्या आधी काय पाहावं, जाणकारांनी सांगा.

वट्ट्यावरचा

बाबाचं ऐका भौ. भिंतीच्या बाहेरचा साधा वॉल मिक्सर लावला असता तर हा धागाच काढावा लागला नसता.

पानापक्कड

भौ, पह्यले थो डबा शोधा. रंग, प्लेट, दांडी हे सारं मागून. भिंतीतली बॉडी ज्या कंपनीची, वरचा पार्ट त्याच कंपनीचा लागते, अन् कंपनी एक असली तरी मॉडेल जुळलं पाह्यजे. जॅग्वार घ्या, सेरा घ्या, हिंदवेअर घ्या, सारेच बॉडी अन् वरचा किट वेगवेगळ्या कोडनं विकतात. एकाची प्लेट दुसऱ्याच्या बॉडीवर बसत नाई, पाणी उघड-बंद करणाऱ्या आतल्या कार्ट्रिजची जाडी वेगळी, बटनाची जागा वेगळी, स्क्रूची भोकं वेगळी. दुकानदार म्हणन बसते भौ, बिनधास्त न्या, तर त्याले म्हणा दोन्ही कोड बिलावर लिहून दे. डबा नाईच सापडला तर झाकण काढून पाहा, पितळेवर कंपनीचं नाव राह्यते, त्याचा फोटो काढून दुकानात दाखवा.

आता दोनदा पैसे काऊन ते सांगतो. बॉडीत गरम अन् थंड अशा दोन लाईनी येतात, मधात कार्ट्रिज राह्यते. कार्ट्रिजमध्ये सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकीवर सरकतात, दांडी उचलली का भोकं समोरासमोर येतात अन् पाणी सुटते, दांडी बाजूले फिरवली का गरम-थंडाचं माप बदलते. पाणी अडवाचं सारं काम तिथं. वरचा पार्ट म्हणजे नुसती प्लेट, कार्ट्रिजवरची टोपी, दांडी अन् शॉवर-नळ बदलाचं बटन. म्हणून उद्या नळ ठिबकला तर नवीन प्लेट घेऊन काई होत नाई, कार्ट्रिज बदलाव लागते. लोकाईले हेच समजत नाई, ठिबकते म्हून पूर्ण किट घेऊन येतात. बॉडी मात्र एकदा टाईलमांगं गेली का टाईल फोडल्याबिगर निंगत नाई. तर ज्या कंपनीचं कार्ट्रिज तुमच्या तालुक्याले, नाई तर जिल्ह्याले तरी मियते, तेच घ्याव. लय भारी नाव घेतलं अन् कार्ट्रिजसाठी मुंबईकडं डोये लावून बसलं, हे गावात जमत नाई.

आता साऱ्यात मोठी गोष्ट, खोली. प्लॅस्टिकच्या झाकणावर मिन अन् मॅक्स अशा दोन रेघा राह्यतात, टाईलचं तोंड त्या दोन रेघांच्या मधात आलं पाह्यजे. बॉडी जास्त आत गेली तर टोपीचे आटेच पोचत नाईत, दांडी प्लेटले घासते. बाहेर राह्यली तर प्लेट भिंतीले टेकत नाई, फटीतून पाणी मांगं जाते. आज सूत लावून मोजा, टाईलवाल्याले विचारा प्लास्टर किती चढन, अन् इथं सांगा. अन् प्लास्टरच्या आधी शॉवरचं अन् नळाचं तोंड प्लग लावून बंद करा, लाईनीत पाणी भरलेलं ठेवा रातभर, जोडावर बोट फिरवून पाहा ओल लागते का.

वरचा पार्ट लावाची घाई करू नका. टाईलचं काम झालं का मिस्त्री सिमेंटचे डाग काढाले ॲसिड मारते, बंद बाथरूममध्ये त्याची वाफ धरली का नवा कोरा क्रोम खराब होते, पह्यले पिवळट झाक येते, मंग टाचणीच्या टोकाएवढे काये ठिपके. मालक म्हणते कंपनी डुप्लिकेट. ॲसिड, रंगरंगोटी सारं उरकलं, खोली धुऊन निंगाली, मंग प्लेट लावा.

सिव्हिलवाला वणी

पानापक्कड दादांनी बॉडीचं नीट सांगितलं, मी प्रेशरचं सांगतो कारण शॉवरवर नाराज होणारे निम्मे लोक इथंच अडकतात. 10 मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण 1 बार. तुमचा स्लॅब 10 फुटांवर धरू, स्टँड 5 फूट, म्हणजे टाकीचं बूड 15 फुटांवर आणि शॉवर असणार 7 फुटांवर. उरलं 8 फूट, म्हणजे जेमतेम पाव बार, त्यातलंही थोडं पाईपच्या वळणात जातं. एवढ्यावर 12 इंची रेन शॉवर घेतला तर पाणी अंगावर पडणार नाही, नुसतं टपटपणार. प्लेट कोणतीही घ्या, शॉवर लहान घ्या, आणि दुकानात बॉडी किती प्रेशरवर चालते ते विचारा. पंप लावणार असाल तर गरम आणि थंड दोन्ही लाईनला मिळून लावा, एकाच लाईनला लावला की जोराचं पाणी मिक्सरमधून कमजोर लाईनमध्ये उलटं शिरतं. आणि लाईट गेली की पंप पण गेला, हे गावात कोणाला सांगायला नको.

आता ते अमेरिकन व्हिडिओ. तिकडे नळाला थेट जोराचं पाणी असतं, घरात कोणी फ्लश केला की थंड पाण्याचा जोर कमी होतो आणि शॉवरखालच्या माणसाला चटका बसतो, म्हणून प्रेशर बॅलन्स व्हॉल्व्ह गरम-थंडाचा जोर सारखा ठेवतो. तिकडच्या बांधकाम नियमांत चटका टाळणारा व्हॉल्व्ह लागतोच. तुमच्याकडे गरम-थंड दोन्ही एकाच टाकीतून उतरतं, जोर जवळपास सारखा, त्यामुळे त्याची गरज फारशी नाही, आणि आपल्या दुकानातला नेहमीचा डायव्हर्टर साधा मिक्सिंगचाच असतो. थर्मोस्टॅटिकमध्ये मेणाचा घटक असतो, तो उष्णतेनं फुगतो-आकसतो आणि ठरवलेलं तापमान धरून ठेवतो, तापमानाच्या नॉबवर 38 अंशाला अडकवणारं बटन असतं. वस्तू छान आहे पण खाऱ्या पाण्यात क्षार बसून जाम होते, शिवाय तिला जोर लागतो. आणि मे महिन्यात आपल्याकडे टाकीतलं थंड पाणीच पोळतं, मिक्सर कितीही शहाणा असला तरी थंड बाजूच्या पाण्यापेक्षा गार पाणी तो आणणार कुठून!

सोलरचं पाणी मात्र उन्हाळ्यात चटका देण्याइतकं तापतं. पुष्कळ सिंगल लिव्हर कार्ट्रिजमध्ये गरम बाजूला जास्त वळू न देणारी रिंग असते, ती आहे का विचारा, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.

अकोल्याची मावशी

काळ्या मॅटचा ठराव मागे घ्या बाई! म्हणजे दादा. आमचं पण खारपाणपट्ट्यातलंच पाणी, अमरावती, अकोला, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांत ही रडकथा आहे. माझ्या जावेनं हौसेनं काळा घेतला, अंघोळ झाल्यावर थेंब वाळले की प्रत्येक थेंबाची पांढरी गोल कडा उमटते, चार दिवस पुसलं नाही तर दांडीच्या खाली खडूसारखा थर. क्रोमवर पण क्षार बसतातच पण ते दुरून दिसत नाहीत. मधला मार्ग पाहिजे तर ब्रश फिनिश बघा, निकेलसारखा फिकट, त्यावर डाग सगळ्यात कमी दिसतात. सोनेरी घ्यायचाच असेल तर पीव्हीडी कोटिंगचा घ्या, ते कडक असतं, नुसता मुलामा लवकर उतरतो.

साफ करायला ओलं फडकं आणि मग कोरडं फडकं. थर बसलाच तर लिंबू किंवा पाणी घातलेलं व्हिनेगर लावून लगेच धुवायचं, मुरत ठेवायचं नाही. संडासचं लिक्विड आणि तारेची घासणी त्या प्लेटजवळ नेऊ पण नका.

आणखी एक, हे पुरुषमंडळींच्या लक्षात येत नाही. गोल गुळगुळीत नॉब साबणाच्या हातानं फिरत नाही, माझ्या सासूबाईंची बोटं सांधेदुखीनं वाकलेली, त्यांना लांब दांडी लागते, कोपरानं सुद्धा वर करता येते. दुकानात हात ओला करून चालवून बघा, दुकानदार हसला तर हसू द्या.

वट्ट्यावरचा

मावशी शंभर टक्के. पण माझं म्हणणं कायम हाय, खाऱ्या पाण्यात कन्सील म्हणजे डोक्याले ताप. वॉल मिक्सरचा स्पिंडल गावातला कोणीही मेकॅनिक बदलून देते, रबराचा वायसर किराणा दुकानात मियते.

पानापक्कड

हाव, हे मी बी नाकारत नाई. याईची बॉडी बसली म्हून काढा म्हणणार नाई, कार्ट्रिज समोरूनच निंगते, टाईलले हात लागत नाई. पण दुसरं बाथरूम असन तर तिथं वॉल मिक्सर लावा, खर्च बी कमी. अन् दोन्हीकडं टाकीतून उतरणाऱ्या लाईनले जाळीचा फिल्टर टाका, बोअरची बारीक रेती कार्ट्रिजच्या चकत्याईत गेली का त्यावर रेघोट्या पडतात, मंग दांडी बंद करूनही ठिबकणं सुरू.

पूर्णाकाठचा

सर्वांचे आभार, लय कामाचं सांगितलं. डबा सापडला, मिस्त्रीनं त्यात खिळे ठेवले होते, कोड वाचता येते. आता मोजमाप. उघड्या विटेपासून झाकणाची बाहेरची रेघ 20 मिलिमीटर बाहेर हाय, आतली रेघ विटेच्याही आत. टाईलवाला म्हणते प्लास्टर 15, टाईल अन् तिचं चिकटवणं मिळून 12. भिंत चार इंची. शॉवर, बादलीचा नळ एवढंच, हँड शॉवर नाही.

पानापक्कड

मंग 15 अन् 12 मिळून 27 झाले, टाईल बाहेरच्या रेघेच्या 7 मिलिमीटर पुढं जाईन. बॉडी खोल गेली भौ. बरं झालं आत्ता समजलं. तुमच्या प्लंबरले बोलवा, बॉडी 12 मिलिमीटर बाहेर ओढून घ्या म्हणा, रेघ 32 वर येईन अन् टाईल 27 वर, रेघेच्या 5 आत, मिस्त्रीचा हात थोडा जड पडला तरी निभते. पाईप ताणून ओढू देऊ नका, जोडाजवळ तुकडा कापून नवीन घाला, अन् गरम लाईन सीपीव्हीसीचीच हाय ना ते पाहून घ्या, साधी यूपीव्हीसी सोलरच्या पाण्यानं नरम पडते. प्लंबर नाई म्हटला तर काई कंपन्या एक्स्टेन्शन किट देतात, पण थो शेवटचा उपाय, त्याची बी मियाची खात्री नाई. चार इंची भिंतीत मांगून प्लास्टर फुटलं का ते बी पाहा.

दोनच जागी पाणी पाह्यजे तर शॉवर अन् नळ असा साधा दोन तोंडाचाच डायव्हर्टर पुरे, गरम-थंडाच्या दोन लाईनी धरून चार तोंडं, पाच तोंडाचा घेऊन एक तोंड बुजवत बसू नका. नळाचं तोंड फरशीपासून दोन फुटाच्या वर ठेवा, तुमच्या घरची साऱ्यात मोठी बादली खाली ठेवून पाहा.

पूर्णाकाठचा

उद्याच बोलावतो त्याले. आणखी एक, प्लेटच्या कडेनं पांढरा सिमेंट भरायचा का सिलिकॉन?

पानापक्कड

सिमेंट नाई, मंग कार्ट्रिज बदलाले प्लेट काढाची झाली का टाईलचं टवकं निंगते. सिलिकॉन लावा, पण वरून अन् दोन्ही बाजूनं, खालची कड मोकयी ठेवा. आत कधी गळती झाली तर पाणी तिथून टाईलवर उतरन अन् दिसन, चहूबाजूनं बंद केलं तर भिंत ओली होईपर्यंत कोणाले समजणार नाई. प्लेटच्या मांगं फोमची रिंग येते किटमध्ये, थे डब्यात तशीच राहू देऊ नका, मिस्त्री लोक विसरतात.