रविवारचं हाडांचं शिबिर

सेक्रेटरी काका: रविवारी सकाळी १० वाजता क्लबहाऊसमध्ये हाडांची मोफत तपासणी आहे. साठीपुढच्या सगळ्यांनी यावं.

बी-४०३: काका, शिबिर ठेवलंत ते चांगलंच. पण तिथं टाचेला मशीन लावतात, त्यावरून नुसता अंदाज येतो. तेवढ्यावर औषध सुरू करू नका आणि ‘नॉर्मल’ आलं म्हणून निर्धास्तही राहू नका. खरं निदान कंबर आणि खुब्याच्या डेक्सा स्कॅनवर, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रेवर होतं. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता कुठे आहे तो आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली.

माझ्या आईनं दिवाळीच्या आधी तांदळाचा डबा उचलला आणि पाठीत कळ आली. पडली नव्हती, म्हणून आम्ही तीन आठवडे बाम चोळत बसलो. एक्स-रे काढला तर मणका दबलेला! त्याआधी वर्षभर तिच्या निऱ्या जमिनीवर लोळत होत्या. उंची कमी होत होती आणि मी तिलाच म्हणायचे, साडी जरा वर खोच. अजून जिवाला लागतं ते.

ए-१०२: हे बायकांचं दुखणं ना?

बी-४०३: नाही काका. बायकांची हाडं पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत झपाट्यानं झिजतात, पुरुषांची जरा उशिरा, पण झिजतातच. दम्याला किंवा संधिवाताला महिनोन्महिने स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या असतील तर नक्की तपासून घ्या.

सी-२०१: मी दोन वर्षं दर आठवड्याला डी व्हिटॅमिनची ६०,००० युनिटची पुडी घेते. बास ना?

बी-४०३: ताई, ती सहसा ठरावीक आठवड्यांपुरतीच देतात. अशीच चालू राहिली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होऊ शकतो. आजच डॉक्टरांना विचारा, प्लीज. आईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलंय. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणून सकाळी आंबील, शिवाय दूध, दही, तिळाची चटणी. आणि रोज चालणं.

सी-२०१: बाई गं, बरं झालं बोललीस. आणि योगासनं?

बी-४०३: मणका दबलेला असेल तर पुढं वाकायची आसनं नकोत. बाकी डॉक्टरांना विचारून.

काका, अजून एक. दुसऱ्या मजल्यावरची जिन्यातली ट्यूब आठवडाभर बंद आहे आणि लादी पुसल्यावर तिथं ओलच राहते. आई रोज तिथूनच उतरते.

सेक्रेटरी काका: इलेक्ट्रिशियनला आत्ताच फोन केला. संध्याकाळी येतोय. लादी कोरड्या फडक्यानं पुसायला मावशींना सांगतो.