मार्टेन 'त हार्टची पहिली कादंबरी: आमर इतका का घाबरतो?

प्रश्न
डच लेखक मार्टेन 'त हार्टची पहिली कादंबरी 'स्टेनेन फोर एन रान्सआउल' नुकतीच संपवली, १९७१ ची. आमर स्टोल, कट्टर कॅल्विनिस्ट (कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट पंथाच्या) वातावरणात वाढलेला तरुण, आणि आपल्याला पुरुष आवडतात हे स्वतःशी कबूल करताना त्याची जी घुसमट होते ती डोक्यातून जातच नाहीये. पण ७१ साली हॉलंड चांगलंच मोकळं झालं होतं ना? मग याला एवढी धास्ती कशाची?

प्रतिसाद १
अॅम्स्टरडॅम म्हणजे अख्खं हॉलंड नव्हे हो. लेखक मूळचा मासस्लाउसचा, १९४४ चा जन्म, वडील कबरी खोदायचे, घर पक्कं गेरेफॉर्मेर्ड, म्हणजे कडक कॅल्विनिस्ट चर्चचं. अशा घरांत रविवारी दोनदा चर्च, आणि जेवण झालं की कुणी उठायचं नाही, तिथेच टेबलावर बायबल उघडायचं आणि वडील वाचणार. त्या टेबलाशी बसलेल्या पोराने हे सांगायचं कुणाला? कायद्याचं म्हणाल तर डच दंडसंहितेचं कलम २४८ बिस १९११ पासून होतं, स्त्री-पुरुष संबंधांना संमतीच्या वयाची अट १६ आणि समलिंगी संबंधांना २१, ते रद्द झालं १९७१ लाच, म्हणजे पुस्तक आलं त्याच वर्षी. पण आमरची भीती पोलिसांची नाहीच मुळी.

प्रतिसाद २
डच लेखक याकोब इस्राएल दे हानचं 'पाइपलाइन्चेस' हे पुस्तक पण वाचा, थेट १९०४ चं! अॅम्स्टरडॅमच्या दे पाइप भागात एकत्र राहणारे दोन तरुण. ज्या मित्राला अर्पण केलं त्या आलेत्रिनोने त्यात स्वतःला ओळखलं आणि जवळजवळ सगळी आवृत्ती विकत घेऊन गायब केली, दे हानची मास्तरकी गेली, समाजवादी पेपरातलं कामही गेलं. फार वाईट वाटतं वाचून. तरी मला आमर जास्त लागतो, त्याला छळायला बाहेरचं कुणी लागतच नाही.

प्रतिसाद ३
सगळं धर्मावर ढकलू नका पण. डच लेखक खेरार्ड रेव्हे बघा, उघडपणे समलैंगिक, १९६६ ला कॅथलिक झाला, आणि देव गाढवाच्या रूपात येतो नि आपण त्याच्याशी संग करतो असं लिहिलं म्हणून ईश्वरनिंदेचा खटला चालला, १९६८ ला सुप्रीम कोर्टातून निर्दोष सुटला. त्याने देव सोडला नाही, उलट आणखी जवळ ओढला. आमरला असा देव कुणी दाखवलाच नाही.

प्रश्नकर्ता
हे पटलं. रेव्हे वाचायला घेतो, मग आमर परत एकदा.