मदत हवी आहे: गच्चीखालच्या खोलीला एसी १ टन की १.५ टन?

झोपायची खोली १२ बाय ११ फूट, उंची १० फूट. वर थेट गच्ची आणि एक भिंत पश्चिमेची. स्टुलावर चढून स्लॅबला हात लावला तर रात्री अकरालाही चांगली ऊब लागते. झोपणारे दोघे, एसी फक्त रात्री चालणार.

खिडकी सरकत्या काचांची, त्यामुळे विंडो एसी बाद. पोर्टेबल बघितला, पण एकाच पाइपवाला खोलीतलीच हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच गरम हवा फटींतून आत येते. वर आवाज उशाशी. हवा दमट, म्हणून कूलरचा उपयोग नाही. तेव्हा इन्व्हर्टर स्प्लिट (गरजेप्रमाणे ताकद कमी-जास्त करणारा, आत-बाहेर दोन युनिटांचा एसी), इथवर ठरलंय. गच्चीला पांढरा रंग दिलाय, जाड पडदे लावलेत. फरक पडला, पण पुरेसा नाही.

अडलंय ते क्षमतेवर. नुसत्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने १ टन (गार करण्याची क्षमता साधारण ३.५ किलोवॅट) पुरतो. विक्रेता म्हणतो, गच्ची आहे, १.५ घ्या. (तो तसं म्हणणारच!) पण गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करून थांबतो आणि दमटपणा तसाच राहतो. इन्व्हर्टर झाला तरी ताकद किती खाली उतरवणार?

घर स्वतःचं, वायरिंग स्वतंत्र, बाहेरचं युनिट मागच्याच भिंतीवर बसेल. ब्रँड नकोत.

अशाच खोलीत १ टन इन्व्हर्टर वापरणाऱ्यांनी सांगा: ऐन उन्हाळ्यात तो २६ अंश राखतो, की रात्रभर पूर्ण ताकदीने धावत राहतो?