शब्दचर्चा : ‘कॉन्ट्री’ला आपल्याकडं काय म्हणायचं?

मांजराकाठ :
मंडळी, एका शब्दावर अडलोय, आणि शब्दाच्या मागं एक गोष्ट आहे.

मी मूळचा लातूर जिल्ह्यातला, नोकरीला छत्रपती संभाजीनगरात. कॉलेजपासूनचे आम्ही पाच मित्र महिन्यातून एकदा हॉटेलात जेवायला जमतो. मागच्या वेळी बिल आलं २,१०० रुपये. एकानं लगेच मोबाइलवर भागाकार केला आणि म्हणाला, ‘कॉन्ट्री चारशे वीस, माझ्या नंबरला टाका.’ सगळ्यांनी टाकले. पण आमच्यातला एक जण त्या दिवशी दालखिचडी खाऊन उठला होता. तिची किंमत १६० रुपये. बाकी आम्ही चौघांनी मटण, तंदूर, वर आइस्क्रीम. त्याची नोकरी सुटून तीन महिने झालेत, हे आम्हाला नंतर दुसऱ्याकडून कळलं. त्यानं मुकाट्यानं ४२० टाकले आणि त्यानंतर तो जेवायला आलाच नाही. विचारलं की ‘काम आहे’ म्हणतो.

त्या वेळी माझ्या मनात आलं होतं की हे बरोबर नाही. ‘अरे, कॉन्ट्री नको’ इथपर्यंत वाक्य तोंडात आलं, पण मग काय पाहिजे, त्याला शब्दच सापडेना. आमच्यातले निम्मे जण कॉन्ट्री आणि टीटीएमएम एकच समजतात. वर्गणी म्हणावं तर डोळ्यांपुढं गणपती मंडळाचं पावतीपुस्तक येतं. जुनी माणसं काय म्हणायची? की हॉटेलात जाणंच कमी, म्हणून शब्दच नव्हता?

मोंढा, परभणी :
भाऊ, शब्द आहेत. आपण ते हॉटेलात नेले नाहीत इतकंच.

तुमची कॉन्ट्री म्हणजे ‘माणशी’. ‘माणशी किती आले?’ हे वाक्य आमच्या दुकानात रोज ऐकू येतं. एका टेम्पोत सहा शेतकरी माल घेऊन येतात, भाडं ठरतं आणि ते माणशी काढतात. कधी माणशी न काढता पोत्यामागं काढतात, कारण एकाची दोन पोती असतात आणि एकाची वीस. हा फरक आपल्या लोकांना शिकवावा लागत नाही. सप्ताहाची पट्टी कुठं घरटी असते, कुठं एकरी. घरटी म्हणजे प्रत्येक घराला सारखी. एकरी म्हणजे ज्याची जमीन जास्त त्याचा वाटा जास्त. त्यातही एखाद्या म्हातारीला पट्टी माफ असते, आणि तिचं नाव फळ्यावर लिहून कुणी ते जाहीर करत नाही.

म्हणजे वाटा कशाच्या मापानं काढायचा, ते मराठी माणूस शब्दाच्या शेपटीत सांगून मोकळा होतो : माणशी, घरटी, एकरी, पोत्यामागं. ‘कॉन्ट्री’त हे माप नाही. कॉन्ट्रिब्यूशन या इंग्रजी शब्दाचा तो तुटलेला तुकडा. ‘कॉन्ट्री काढा’ म्हटलं की कोणत्या हिशेबानं, हे विचारायची सोयच राहत नाही. जो आधी भागाकार करील त्याचा हिशेब.

पट्टीचंच बघा. मोंढ्यात शेतकऱ्याच्या हातात विक्रीचा जो कागद पडतो, वजन, भाव, हमाली, तोलाई मांडलेला, त्यालाही आम्ही पट्टीच म्हणतो. गावातून गोळा करायची ती पट्टी आणि हातात पडतो तो हिशेबही पट्टी. घरपट्टी-पाणीपट्टी तर सगळ्यांच्या ओळखीची. हॉटेलच्या बिलाला कुणी पट्टी म्हणणार नाही, म्हणूही नये, पण शब्दाचा पल्ला लक्षात यावा म्हणून सांगितलं.

आणि टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, हा अगदी वेगळा प्रकार आहे. ज्यानं जे खाल्लं त्याचे त्यानं द्यायचे. आमच्याकडं याला सरळ ‘ज्याचं त्यानं’ म्हणतात. तुमच्या मित्राचं ‘ज्याचं त्यानं’ धरलं तर १६० अधिक पाच टक्के जीएसटीचे ८, म्हणजे १६८ रुपये. तुम्ही माणशी काढलं, ४२० झाले. २५२ रुपयांचा फरक दोन शब्दांमधला आहे.

गोदाकाठ, नांदेड :
मोंढेवाल्या दादांनी छान उलगडून सांगितलं. मला यात क्रियापदांची भर घालायची आहे.

आपण ‘चहा प्यायला चल’ म्हणतो आणि ‘चल, चहा पाजते’ही म्हणतो. पहिल्यात पैसे कोण देणार ते सांगितलेलं नाही. दुसऱ्यात ठरून गेलं. ‘पाजणे’ हे पिण्याचं प्रयोजक रूप, पण हॉटेलच्या दारात त्याचा अर्थ ‘पैसे मी देणार’ असाच होतो, आणि पैसे हा शब्द उच्चारावा लागत नाही. ‘खाऊ घालणे’ही तसंच. ‘आज माझ्याकडून’ या दोन शब्दांत तर क्रियापदच नाही. आमच्या गल्लीत दखनी बोलणाऱ्या शेजारणी ‘मेरे तरफ से’ म्हणतात, तीच घडण. आणि उठताना काउंटरवर विचारायचं ते ‘किती झाले?’ काय झाले ते कुणी बोलत नाही. पैशाचं नाव न घेता पैशाचं बोलायची आपल्या भाषेला जुनी सवय आहे, आणि ती मला आवडते. जेवण झाल्यावर तोंडात बडीशेप असताना आकडे बोलू नयेत, असं माझी आजी म्हणायची.

पण या सवयीचा त्रासही होतो. ‘चला, जेवायला जाऊ’ असा निरोप आला की मला नेहमी कळत नाही, की हे बोलावणं आहे की नुसता बेत. बोलावणाऱ्यानं पैसे द्यायचे, ही आपली जुनी रीत. बेत असेल तर सगळ्यांचे. निरोपात दोन्हींचे शब्द सारखेच. माझ्या माहितीतल्या एका बाईंनी बोलावणं समजून पर्स घरी ठेवली होती. टेबलावर माणशी निघालं, तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना.

आमच्या भिशीत याचा नियम स्पष्ट आहे. जिची भिशी निघाली, त्या दिवशीचं खाणं तिच्याकडून. प्रत्येकीची भिशी वर्षात एकदा निघतेच, त्यामुळे ओझं एकीवर राहत नाही. आणि हॉटेल तीच निवडते, तिच्या बेतानं. कुणी महागाचं मागवत नाही, कारण पुढं आपलीही पाळी आहे.

मांजराकाठ :
ताई, बोलावणं आणि बेत हा फरक माझ्या ध्यानातच आला नव्हता. आमचं ‘महिन्यातून एकदा’ हे आता बेतच झालंय. पहिल्या वर्षी मात्र पाळी होती. ‘आज तुझा नंबर’ असं म्हणायचो. मग दोघांचे पगार वाढले, त्यांच्या नंबरला मोठं हॉटेल, आमच्या नंबरला टपरीवरचे वडे. ते बरं दिसेना म्हणून कॉन्ट्री सुरू झाली.

अंबाजोगाईकर :
जेवू घालणाऱ्याला आपण यजमान म्हणतो. मूळ संस्कृत ‘यज्’ धातू, यज्ञ करणे. ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारे पुरोहित, मंत्र म्हणतात, आहुत्या टाकतात, तरी यजमान ते नव्हेत. ज्याच्या खर्चानं यज्ञ चालतो आणि ज्याला फळ मिळतं तो यजमान. व्याकरणात हे फार नेमकं धरलेलं आहे : पुरोहितांसाठी ‘यजन्ति’, यजमानासाठी ‘यजते’. क्रियेचं फळ करणाऱ्याकडंच जात असेल तर क्रियापदाचं ‘यजते’सारखं रूप, म्हणजे आत्मनेपद, हे पाणिनीचं सूत्र आहे, आणि ‘यजमान’ हे रूप त्याच आत्मनेपदातलं. खर्च करणाऱ्याला पुण्य, ही समजूत शब्दाच्या रूपातच बसलेली आहे. म्हणून काउंटरवर दोन मित्र एकमेकांचे हात धरून ‘तू नको, मी देतो’ करतात, तेव्हा ते काहीतरी मिळवण्यासाठीच झटत असतात.

‘मेजवानी’ फारसीतून आली. तिकडं मेजबान म्हणजे पाहुणचार करणारा, आणि मेजबानी म्हणजे त्याचं पाहुणचार करणं. आपण तो शब्द घेतला आणि त्याचा अर्थ पक्वान्नांचं जेवण असा केला. यजमान मागं पडला, ताट पुढं आलं. तरी आजही ‘पाच जणांनी माणशी काढून मेजवानी केली’ हे वाक्य माझ्या कानाला खटकतं. मेजवानी कुणीतरी देतो.

खर्च वाटून घेण्याला इंग्रजीत डच लोकांचं नाव चिकटलं आहे. तुर्की लोक त्याला जर्मन पद्धत म्हणतात, इटालियन लोक रोमची. कोरियात इंग्रजीवरून घडवलेलं ‘डच पे’ रुळलंय. बरेच जण ही रीत कुणाच्या तरी गावाला चिकटवून मोकळे झाले. ‘तुझं तू माझं मी’मध्ये कुठल्या गावाचं नाव नाही, नुसती सर्वनामं आहेत. म्हणून मला हा शब्दप्रयोग चांगला वाटतो. त्याचं टीटीएमएम करून सर्वनामं का झाकायची, ते मात्र समजत नाही.

मोंढा, परभणी :
सर, तुमचा यजमान पटला. पण काउंटरवरची ती ओढाताण आता कमी झालीय. फोनवर स्कॅन केलं की काम झालं, दुसऱ्याला हात धरायला वेळच मिळत नाही. आमच्याकडं पूर्वी ‘तू कशाला द्यायलास? मी द्यायलो ना!’ हे निदान तीनदा व्हायचं. तिसऱ्यांदा खरंच हात मागं घ्यायचा, हा संकेत होता. पहिल्याच नकाराला पाकीट खिशात घातलं तर तो माणूस हाताचा आखडता ठरायचा.

वर्गणीबद्दल कुणीच बोललं नाही. वर्गणी आधी गोळा होते आणि एकाच्या हातात राहते, हा तिचा विशेष. सहलीला जाताना प्रत्येकी ५०० जमा करायचे, एकानं खर्च करायचा, उरले तर परत. कमी-जास्त दिले तरी चालतात, कुणी ३०० दिले तर तोंड वेंगाडायचं नसतं. हॉटेलात शेवटी बिलावर भागाकार होतो ती वर्गणी नव्हे.

गोदाकाठ, नांदेड :
दादा, ‘कमी-जास्त चालतं’ हे म्हणायला सोपं आहे. ज्याच्याकडं कमी आहेत त्याला ते चारचौघांत सांगावं लागतं, तिथंच गाडी अडते. पाळीचंही तेच. नोकरी सुटलेल्या माणसाचा नंबर आला की त्यानं काय करायचं? ‘ज्याचं त्यानं’सुद्धा कोण म्हणतं यावर आहे. कमी खाणाऱ्यानं म्हटलं तर ते कंजूषपणाचं वाटतं, जास्त खाणाऱ्यानं म्हटलं तर मोठेपणाचं. म्हणून तो शब्द पगार असलेल्यानं काढावा. आणि मेन्यूकार्ड हातात असतानाच काढावा. बिल आल्यावर तो काढला की प्रत्येकाच्या ताटाकडं बघितल्यासारखं होतं.

पूर्वी पंगतीत एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला कोरडा भात वाढला तर त्याला पंक्तिप्रपंच म्हणत, आणि ते पाप मानत. माणशी काढणाऱ्यांना वाटतं की आपण सगळ्यांना सारखं धरलं. पण पंगतीत सारखं करायचं असतं ते वाढण्यात. इथं ताटं वेगवेगळी आणि वसुली सारखी.

अंबाजोगाईकर :
ताई, पंक्तिप्रपंच हा शब्द इथं नेमका बसला. मी तो वाढण्यापुरताच ऐकला होता. वसुलीकडं तो वळवता येईल, हे सुचलं नव्हतं.

मांजराकाठ :
सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं. एक गोष्ट पहिल्या वेळी लिहिली नव्हती, लिहायला जड जात होतं.

दालखिचडी खाणारा मित्र निलंगा भागातला. गेल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही चौघं त्याच्या शेतात होतो. त्याच्या आईनं भज्जी, आंबील, उंडे, खीर असं पदर खोचून वाढलं. निघताना प्रत्येकाच्या पिशवीत वानोळा म्हणून हरभऱ्याचा ढाळा घातला. त्या दिवशी माणशी किती, हे आमच्यातल्या कुणाच्या मनातही आलं नाही. तिकडं आम्ही बोलावणं म्हणून गेलो आणि इकडं शहरात त्याला बेतात धरलं.

काल ग्रुपवर लिहिलं, ‘या रविवारी कॉन्ट्री नाही. ज्याचं त्यानं. आधीच सांगतोय.’ भागाकार करणाऱ्या मित्रानं विचारलं, ‘टीटीएमएम का?’ मी म्हटलं, व्हय, तेच.

मग त्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, ‘रविवारी जरा काम आहे.’ मी म्हटलं, ‘जेवणाचं राहू दे. सकाळी नऊला क्रांती चौकात ये, चहा पाजतो.’ तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘नऊला नको, दहाला येऊलालो.’