विधवा प्रथा बंदीचा ठराव मांडायचाय, थोरल्या बायका दुखावू नयेत म्हणून काय करावं?

नदीकाठ: १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावासारखा ठराव घ्यायचाय: नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद. तरुण तयार आहेत. पण हे सगळं भावकीतल्या थोरल्या बायकांच्या हातून होतं आणि विषय काढला की त्या "आम्ही काय पाप केलं?" म्हणून उठून जातात.

रानजाई: ठरावाची भाषा त्यांना आरोपी करते, म्हणून जातात. 'अमानुष', 'अनिष्ट' हे शब्द आधी काढा. त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या बांगड्या अशाच फुटल्यात. आता प्रथाच चूक म्हटली की आपण सोसलेलं वाया गेलं असं वाटतं. सभेच्या पंधरा-वीस दिवस आधी घरी जाऊन एकेकीशी बोला, तेही त्यांच्या वयाच्या बाईनं. "तुमच्या वेळी काय काय केलं होतं?" एवढं विचारा आणि ऐकून घ्या. "तुमच्या लेकीवर ही वेळ आली तर?" हे मात्र चुकूनही नको. धडधाकट जावयाबद्दल अभद्र बोलल्यासारखं होतं, बोलणं तिथंच तुटतं.

पाणवठा: ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचीच असते, विषय तिथूनच येऊ द्या. सूचक-अनुमोदक दोघी थोरल्या घरातल्या असाव्यात. ग्रामसभेची गणपूर्ती (किमान हजेरी) मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी तो. 'न पाळणाऱ्याला वाळीत टाकू' असं कुणी सुचवलं तर तिथंच थांबवा. २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानं तोच गुन्हा आहे. हेरवाडचा ठराव ४ मे २०२२ चा. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना असाच ठराव करायला सांगितलं. ती प्रत ग्रामसेवकांकडून घेऊन सभेत वाचून दाखवा. मजकूर असा ठेवा: "अलंकार ठेवणे वा उतरवणे हा त्या स्त्रीचा निर्णय राहील, कोणीही सक्ती करणार नाही." जिला स्वतःहून उतरवायचंय तिला अडवणं हीसुद्धा सक्तीच.

माळरान: वर ठरावाचं बरोबर सांगितलंय, पण खरी परीक्षा मयताच्या दिवशी. तिरडी उचलायच्या गडबडीत पाच मिनिटांत सगळं उरकलं जातं, कुठं दहाव्याला. प्रत्येक वाडीत दोघी आधीच ठरवा, त्यातली एक भावकीतलीच हवी. त्या नवरा गेलेल्या बाईच्या दोन्ही बाजूंना बसतील. कुणी हात पुढं केला तर भांडायचं नाही, "तिचं ती नंतर बघेल" एवढंच म्हणायचं. दहाव्याला दबाव पुन्हा येतो, तेव्हा माहेरच्यांनाही आधी विश्वासात घ्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवांना बोलवा, पण बॅनर लावून 'सन्मान' नको, फोटो नकोत. सगळ्यांच्या ओळीत बसवून तेच वाण द्या. वेगळं बसवलं की ती पुढच्या वर्षी येत नाही.

आणि वारस नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज द्यायला तिच्यासोबत जा. कुंकू राहिलं आणि सातबाऱ्यावर नाव लागायचं राहून गेलं, तर तिला त्याच घरात दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत राहावं लागतं.