मदत हवी आहे: शाळेने मुलाला टी-शर्ट उलटा घालायला लावला, फर्स्ट अमेंडमेंट (अमेरिकी घटनेतली भाषणस्वातंत्र्य वगैरे देणारी पहिली दुरुस्ती) लागू होते ना?

सुजाता_एनजे: मुलगा नववीत आहे. काल युद्धाविरोधी मजकुराचा टी-शर्ट घालून गेला, तर ऑफिसात नेऊन तो उलटा घालायला लावला. तसाच घरी आला, शिवणी बाहेर, मानेवर लेबल लोंबतंय. परवा मुख्याध्यापकांना भेटायचंय. कुठला खटला दाखवू? लवकर सांगा.

निवांत: टिंकर विरुद्ध डे मॉइन, १९६९. आयोवातल्या मुलांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळ्या फिती बांधल्या होत्या. सुप्रीम कोर्टाने ७-२ने मुलांची बाजू घेतली. छापून न्या.

दीपा_ऑस्टिन: थांबा. शाळेच्या कामात मोठा अडथळा येईल असा रास्त अंदाज असेल तर शाळा रोखू शकते, हेही त्याच निकालात आहे. मजकूर काय होता? १९८६च्या फ्रेझर खटल्यात अचकट विचकट भाषणाला संरक्षण मिळालं नाही.

सुजाता_एनजे: 'मुलं मारणं थांबवा' एवढंच होतं हो!

रा_वि_जोशी: या दुरुस्तीचे मूळ शब्द 'काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) कायदा करणार नाही' असे आहेत. शाळेचा संबंध काय?

दीपा_ऑस्टिन: जोशीकाका, ती १८३३ची स्थिती झाली, तेव्हा कोर्टाने हे हक्क फक्त केंद्र सरकारला बांधतात असं म्हटलं होतं. १८६८मध्ये चौदावी दुरुस्ती आली. तिच्यातल्या 'ड्यू प्रोसेस'च्या (रीतसर, न्याय्य प्रक्रियेच्या हमीच्या) आधारे कोर्टाने पुढे एकेक हक्क राज्यांवरही, म्हणजे सरकारी शाळांवरही, बंधनकारक केला. त्याला इनकॉर्पोरेशन म्हणतात.

रा_वि_जोशी: आपल्या घटनाकारांनी 'ड्यू प्रोसेस' मुद्दाम टाळलं. कलम २१ बघा. मग १९७८मध्ये मनेका गांधी खटल्यात...

माधव_के: काका, वेगळा धागा काढा ना. ताई, धर्म, भाषण, वृत्तपत्र, सभा, गाऱ्हाणं, ही पाच स्वातंत्र्यं पाठ करा. नागरिकत्वाच्या मुलाखतीला उपयोगी पडतात.

सुजाता_एनजे: नागरिकत्व कधीच झालंय. परवाचं सांगा.

अनघा: शाळा सरकारी की खाजगी?

सुजाता_एनजे: खाजगी, चर्चची. एवढी फी भरतो, मग हक्क जास्तच हवेत ना?

अनघा: मग टिंकर घरीच ठेवा. ही दुरुस्ती सरकारला बांधते, खाजगी संस्थेला नाही. 'स्टेट ॲक्शन' म्हणतात ते हेच. विद्यार्थ्यांच्या भाषणस्वातंत्र्याला संरक्षण देणारा कॅलिफोर्नियाचा लिओनार्ड कायदा खाजगी हायस्कुलांनाही लागतो, पण तुम्ही न्यू जर्सीत, त्यात शाळा धार्मिक. प्रवेश घेताना सही केलेलं हँडबुक काढा. ड्रेस कोडमध्ये मजकुराबद्दल काय लिहिलंय?

सुजाता_एनजे: सापडलं. कॉलर, जीन्स, टोपी यांबद्दलच आहे. छापील मजकुराचा उल्लेख नाही, पण शेवटी 'शाळेला अनुचित वाटेल ते' असं आहे.

अनघा: त्या ओळीवरच बोला. अनुचित काय वाटलं ते लेखी मागा. आणि मुलाला बरोबर न्या, टी-शर्ट का घातला ते त्यालाच सांगू द्या.