लिफ्टजवळच्या पार्किंगवरून निघालेला विषय

(आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा. सगळ्यांना विचारून टाकतोय. नावं काढून फ्लॅट नंबर ठेवलेत. मधले अंगठे, जोडलेले हात आणि टाकी साफ करण्याबद्दलचे मेसेज गाळलेत.)

ए-२०३: सचिवसाहेब, लिफ्टजवळचं पार्किंग ज्येष्ठांसाठी ठेवायचं ठरलं होतं ना? तिथे रोज बी-५०१ ची गाडी असते. बाई चांगल्या हिंडत्याफिरत्या आहेत. परवा संध्याकाळी जिना चढून वर जाताना मी स्वतः पाहिलं.

सचिव: काका, ती जागा कमिटीनेच दिली आहे. कारण खासगी आहे, ग्रुपवर नको.

ए-२०३: नियम सगळ्यांना सारखा हवा, एवढंच म्हणणं आहे.

सी-७०२: बरोबर आहे काकांचं.

बी-५०१: सचिव, तुमची अडचण नको, मीच सांगते. काका, मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे आमवात. उतारवयात गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. कुठल्याही वयात होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त. संध्याकाळी मी जिना चढते हे खरंच आहे, चढता येतो तेव्हा मुद्दाम चढते. पण सकाळी सातला मला बघा. बोटं वळत नाहीत, पाऊल टेकवत नाही, सांधे सैल व्हायला तासाच्या वर जातो. लिफ्टचं बटण मी बोटाने नाही, मुठीने दाबते. ती जागा मला सकाळसाठी लागते.

ए-२०३: मग संध्याकाळी तरी दुसऱ्यांना वापरू द्या.

बी-५०१: काका, सकाळी गाडी तिथे हवी तर रात्री तिथेच लावावी लागणार ना!

ए-६०४: अगं, इतकी वर्षं शेजारी राहतो, कधी बोलली नाहीस.

बी-५०१: काकू, बोललं की लोक एकतर घाबरतात, नाहीतर औषध सांगतात.

सी-३०५: ताई, विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्या बायकोलाही नुकतंच हेच निदान झालंय. तिला विचारूनच लिहितोय. गोळ्या सुरू झाल्या, पण रोजचं कसं निभवायचं ते कुणी नीट सांगत नाही. काल तिला जरा बरं वाटलं तर तिने अख्खं कपाट उपसून लावलं. आज अंथरुणातून उठवत नाहीये. औषध लागू पडत नाही असं समजायचं का?

बी-५०१: औषधाचं डॉक्टर सांगतील. मेथोट्रेक्सेट, म्हणजे या आजाराची नेहमीची गोळी, असेल तर गुण यायला साधारण सहा ते बारा आठवडे जातात, त्यामुळे इतक्यात निराश होऊ नका. कपाटाचं मात्र मी सांगू शकते.

या आजारात घात वाईट दिवस करत नाहीत, चांगले दिवस करतात. वाईट दिवशी माणूस आपोआप पडून राहतो. चांगल्या दिवशी वाटतं, आज जमतंय तर राहिलेलं सगळं उरकून घेऊ. मग त्याची भरपाई पुढचे दोन-तीन दिवस. ते सरले की पुन्हा साठलेलं काम, पुन्हा उपसाउपशी. हे चक्र तोडायचं तर थकवा आला की थांबायचं, हा नियम उपयोगाचा नाही. थकवा जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. घड्याळ लावून थांबायचं. मी कपाटाचा एक कप्पा घेते, वीस मिनिटांचा गजर लावते, गजर झाला की हातातला कपडा तिथेच ठेवून बसते. अर्धवट पडलेला पसारा बघवत नाही, हेच खरं अवघड आहे. दुखणं त्या मानाने सोपं.

आणि उलटही तितकंच खरं. वाईट दिवशी पूर्ण आडवं व्हायचं नाही. सांधा सुजून गरम झाला असेल तर त्याला विश्रांती द्यायची, पण बाकीचे सांधे हळूहळू हलवत राहायचं. नुसतं पडून राहिलं तर ताठरपणा वाढतो, स्नायूंची ताकद जाते. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम एकदा नीट शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको.

सी-३०५: हे तिला वाचून दाखवलं. ती म्हणते, पसाऱ्याचं अगदी बरोबर ओळखलंत.

बी-५०१: तिला सांगा, लहान सांध्यांचं काम मोठ्या सांध्यांना द्यायचं. पिशवी बोटांना लटकवायची नाही, कोपरात अडकवायची. भांडं एका हाताने कडेला धरून उचलायचं नाही, दोन्ही तळवे खाली घालून उचलायचं. दार खांद्याने ढकलायचं. किल्लीच्या डोक्याला मी जाड रबरी मूठ बसवून घेतली आहे. पूर्वी कुलूप उघडताना अंगठ्यातून कळ यायची, आता सगळी मूठ वळते. पेनलाही तसंच जाड वेष्टण. दिसायला किरकोळ गोष्टी आहेत, पण दिवसभरात त्यांची बेरीज मोठी होते.

सी-७०२: ताई, माझ्या ओळखीत एकाकडे पूड मिळते. तीन दिवसांत सूज गायब. गोळ्या कायमच्या बंद होतात. नंबर देऊ का?

बी-५०१: बघा काकू, म्हटलं नव्हतं?

बी-१०२: मध्ये बोलतो. आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. तीन दिवसांत सूज उतरवणारी, घटक न लिहिलेली पूड दिसली की पहिला संशय स्टेरॉइडचा घ्यावा. अशा पुड्यांत ते मिसळलेलं सापडलेलं आहे. १९४८ मध्ये अमेरिकन डॉक्टर फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिझोन हे स्टेरॉइड टोचलं, तेव्हा खाटेला खिळलेली बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. मग दुष्परिणाम लक्षात येत गेले: चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, साखर आणि रक्तदाब वाढणं, जंतुसंसर्ग. म्हणून आज डॉक्टर ते देतात तेव्हा शक्य तितकं कमी आणि शक्य तितके थोडे दिवस. पुडीत किती आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं तर शरीर कोलमडू शकतं.

सी-७०२: मी आपलं चांगल्या भावनेने सांगितलं.

बी-१०२: भावनेबद्दल शंका नाही, पुडीबद्दल आहे.

सी-३०५, तुमच्यासाठी एक महत्त्वाचं. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा आणि पाकिटावर जाड पेनाने लिहा. सोबत फॉलिक अॅसिडची, म्हणजे दुष्परिणाम कमी करणाऱ्या जीवनसत्त्वाची, गोळी असते; ती कुठल्या दिवशी तेही लिहून ठेवा. रक्तातल्या पेशी, यकृत, मूत्रपिंड यांच्या तपासण्या, बरं वाटत असलं तरी, ठरल्या वेळी करायच्या. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला किंवा धाप, यातलं काही झालं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन. आणि मूल हवं असेल तर आधीच त्यांच्याशी बोला, गर्भाला हे औषध चालत नाही.

सी-३०५: सर, वाराचं आम्हाला सांगितलं होतं, पण इतकं गंभीर आहे हे माहीत नव्हतं. आत्ता लिहिलं पाकिटावर.

ए-६०४: मला मधुमेह होऊन युगं लोटली, त्यामुळे माझेही दोन शब्द. औषधाचा कंटाळा येतो, हे कुणी कबूल करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात आहे, श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे साधारण निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. म्हणजे आपण काही जगावेगळे आळशी नाही. मी गोळ्यांची डबी दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवते. ब्रश कोण विसरतं? रात्री आरसा घेऊन तळपाय बघते, कारण जखम झाली तरी मला कळत नाही. बाकी साखरेचा आकडा वाढला म्हणून स्वतःला शिक्षा करणं मी कधीच सोडलं.

ए-२०३: हे सगळं ठीक आहे. पण अशा आजारात नोकरीबिकरी होते का माणसाच्या हातून?

बी-१०२: काका, १९६७ च्या डिसेंबरमध्ये माणसातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण करणारे ख्रिस्तियान बर्नार्ड आठवतात? त्यांना हाच आजार होता. १९५६ मध्ये निदान झालं होतं. म्हणजे ती शस्त्रक्रिया त्यांनी निदानानंतर अकरा वर्षांनी केली. १९८३ मध्ये बोटांमुळे शस्त्रक्रिया सोडाव्या लागल्या, हेही खरं. आणि तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती.

ए-२०३: हे माहीत नव्हतं.

बी-५०१: सर, छान उदाहरण आहे, पण मला त्याची थोडी भीतीही वाटते. त्याने हृदय बदललं, तुला साधं ऑफिस जमत नाही, असंही कुणी म्हणेल. मी नोकरी करते, पण सकाळचे दोन तास मागून घेतलेत. उशिरा जाते, उशिरा येते. सगळ्यांना असं मिळत नाही, हे माहीत आहे.

सी-३०५: शेवटचं विचारतो. मी घरी नेमकं काय करू? "कसं वाटतंय?" विचारलं की ती "ठीक" म्हणते. रोज.

बी-५०१: कारण रोज खरं सांगायचा तिलाच कंटाळा येतो! तो प्रश्न सोडून द्या. "आज कपडे वाळत मी घालू की भांडी मी घासू?" असं दोनातलं एक विचारा, तिला निवडणं सोपं जातं. न विचारता सगळंच काढून घेऊ नका, बिनकामाचं वाटणं सांध्यापेक्षा जास्त सलतं. बाटल्यांची झाकणं आदल्या रात्री सैल करून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी लिहून न्या: सकाळचा ताठरपणा किती वेळ, कुठले सांधे सुजले, काय करता आलं नाही. तिथे बसल्यावर आठवत नाही. आणि आठवडेच्या आठवडे ती गप्प राहिली, झोप उडाली, कशात मन लागेना, तर तेही डॉक्टरांना सांगा. या आजारात नैराश्य बऱ्याच जणांना येतं आणि त्यावर उपचार आहेत.

सी-३०५: ती म्हणते, कपडे मी वाळत घालायचे. भांडी तिची, कोमट पाण्यात हात बरे वाटतात.

बी-५०१: मलाही! तिला म्हणावं, रविवारी दुपारी ये. सकाळी नको.

सचिव: मग पार्किंगचं काय, काका? विषय बंद?

ए-२०३: पार्किंग राहू दे त्यांच्याकडे. पण पुढच्या मीटिंगला माझा विषय घ्या. जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. उतरताना माझा उजवा गुडघा धरतो आणि कठडा नेमका डावीकडे. दुसऱ्या बाजूलाही बसवा.

बी-५०१: काका, अनुमोदन माझं. आणि कठडा जरा जाड घ्या, बारीक नळी मुठीत धरवत नाही.

सचिव: दोन्ही लिहून घेतलं. कोटेशन मागवतो.